पत्र्याला गुळाचा डाग

नाथाजी पलटणीतून पेन्शनीत आला तेव्हा त्यानं बरोबर एक काळी ट्रंक, एक कांबळं आणि एक मिशी आणली. ट्रंक दारातून सरळ आत गेली. मिशीसाठी नाथाजीला जरा तिरकं व्हावं लागलं. मी हे डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. त्याची बायको शालूबाई जेवायला वाढताना आधी मिशी कुठवर पसरलीय ते बघायची आणि मग ताट सरकवायची. उजव्या टोकावर चिमणी बसली की डावं टोक वर जायचं.

आमचं बोरखडी म्हणजे कृष्णेच्या काठचं गाव. नदी साताऱ्याकडून येते, सांगलीकडे जाते आणि मध्येच जरा वाकून आमच्याकडे बघून जाते. दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. ऊस उभा होता. गावात रामगोंडा पाटलाचं गुऱ्हाळ मोठं. त्यावर पाचटाचं छप्पर होतं, ते आदल्या हंगामात चुलवाणातली ठिणगी उडून जळालं. इतकं झटक्यात जळालं, की खाली काहिलीतला रस ढवळणाऱ्या गुंडा गुळव्याला डोक्यावर ऊन आलं तेव्हा ते कळलं.

दसऱ्याच्या सुमाराला एका सकाळी हरिबा न्हावी लिंबाखाली रामगोंडाची दाढी करत होता. मी पुढच्या नंबरावर बसलेलो. नाथाजी नुसताच बसलेला. मिशीला तो हरिबाचा हात लागू देत नसे, स्वतःच कात्री चालवायचा. हरिबा मात्र त्या मिशीकडे असा बघायचा, जसा शेतकरी दुसऱ्याच्या तयार उसाकडे बघतो.

रामगोंडा म्हणाला, "यंदा गुऱ्हाळावर पत्रा घालायचा. कुपवाडात कारखान्यांवर पत्रं घालणारा एक मिस्त्री हाय म्हणं. त्याला सांगावा धाडतो."

"मिस्त्री?" नाथाजी ताठ झाला. "आरं, तुझ्याशेजारी पलटणीतला माणूस बसलाय आन तू कुपवाडला सांगावा धाडतोस? लडाखात बराकीवर पत्रं आमीच घातलं. वारा असा, की माणूस उडायचा, पत्रा न्हाई!"

आता लडाखात नाथाजी भटारखान्यात होता. पत्र्याशी त्याचा संबंध होता, नाही असं नाही. तो त्यावर रोट्या भाजायचा. पण हे आम्हाला पुढं कळलं.

हरिबानं विचारलं, "आन गळला तर?"

"गळंल? माझा पत्रा? आरं हरिबा, गुळाच्या पयल्या आदणाच्या दिवशी, काहिलीत रस चढंल तवा, समद्या गावानं आत हुबं ऱ्हायाचं. पाऊस आला तर बरं, न्हाई तर वरनं घागरी वता. पावसाचा एक थेंब जरी आत आला, तर ही मिशी तुझ्या वस्ताऱ्याखाली!"

वस्तारा रामगोंडाच्या गालावर जागीच थांबला. हरिबाची नजर मिशीवर खिळली तसा रामगोंडा हळूच म्हणाला, "हरिबा, आदी माजा गाल सोड की. मग खुशाल खूश हो." अर्ध्या तोंडाला फेस लावलेला रामगोंडा साक्षीदार ठरला. मी दुसरा.

त्या दिवसापासून हरिबानं वेगळा एक वस्तारा काढून ठेवला. तो रोज परजायचा आणि कुणाच्याही दाढीला लावायचा नाही.

आम्ही बैलगाडी घेऊन सांगलीला गेलो. नाथाजीनं दुकानात प्रत्येक पत्र्यावर बोटाच्या पेरानं टकटक केलं, कान लावला आणि "पिकलाय" किंवा "कच्चा हाय" असा निकाल दिला. दुकानदार नळीचा पत्रा विकून म्हातारा झालेला. तोही बघत राहिला. परत येताना रस्त्यातल्या खड्ड्यांनी पत्रे असे काही वाजायला लागले, की बैलांनी चालणं सोडून पळणं धरलं. वाटेतल्या एका गावात बायका आभाळ गरजलं म्हणून वाळत घातलेल्या भुईमुगाच्या शेंगा गोळा करायला धावल्या. पुढच्या गावात तालमीतले पैलवान लंगोट कसून बाहेर आले. त्यांना वाटलं, कुस्तीच्या मैदानाची हलगी वाजतेय. त्यातला एक गाडीमागं पार बोरखडीपर्यंत आला. त्याला जेवू घालून परत पाठवावं लागलं.

मग काम सुरू झालं. पाचट जळालं तरी वासे शाबूत होते, त्यांवर रीपा ठोकल्या. नाथाजीनं मापासाठी लेफ्ट-राइट करत आढ्याखालून चालायला सुरुवात केली. गुऱ्हाळाला भिंती नाहीत. तो तालात बाहेर पडला, तालात उसात शिरला आणि बऱ्याच वेळानं दुसऱ्याच बांधावरून परत आला.

"किती भरलं?" रामगोंडानं विचारलं.

"लय भरलं," नाथाजी म्हणाला. "पण पत्रं पुरतील."

रामगोंडाला कौलं घालायची माहिती होती. तो म्हणाला, "कौलासारखं वळचणीपास्नं वर जाऊया की. वरच्या पत्र्याची कड खालच्याच्या अंगावर. म्हंजे पाणी घसरत खाली जातंय."

"तेच मी सांगणार हुतो," नाथाजी म्हणाला. इथवर सगळं ठीक होतं.

घोटाळा झाला खिळ्याच्या ठिकाणी. नळीचा पत्रा म्हणजे उंचवटा, खळगा, उंचवटा, खळगा. गुंडा गुळव्या शिडी धरून खालनं ओरडला, "नाथाजी, खिळा उंचवट्यावर मार! पाणी खळग्यातनं वाहतंय."

नाथाजीनं हातोडा खाली ठेवला. मिशीवरून हात फिरवला. त्याला वेळ लागला, कारण मिशी लांब होती. "गुंडा, तू कवा लढाईत गेला हुतास?"

"न्हाई बा."

"मग ऐक. जवान टेकाडावर हुबा ऱ्हायला तर पयली गोळी कुणाला? त्यालाच. म्हणून जवान कुठं बसतो? खंदकात. खिळ्याला बी त्योच कायदा. खिळा खंदकात बसला पायजे. वारा वरनं जाईल, त्याला खिळा दिसणार बी न्हाई."

आमच्या गावात घरटी एक माणूस पलटणीत. पण ते सगळे त्या वेळी पलटणीतच होते. गावात उरलेले आम्ही. आम्हाला हे फार पटलं. प्रत्येक खिळा खंदकात बसला. खिळ्याच्या डोक्याखाली घालायचे डांबरी वायसर आणायचे राहिले होते. नाथाजी म्हणाला, खंदकातल्या जवानाला छत्री लागत नाही.

माझंही एक काम झालं. आढ्याजवळचा पत्रा नाथाजी ठोकेपर्यंत मी त्यावर बसून दाबून धरायचा होता. वाऱ्याची एक झुळूक आली आणि पत्रा मला घेऊन निघाला. छपरावरून घसरला, वळचणीवरून उडाला, उसाच्या शेंड्यांवरून सळसळत गेला, ओढा ओलांडला आणि थेट माझ्या परड्यात उतरला. आमची कारभारीण चंद्राबाई कोंबड्यांना दाणे टाकत होती. ती एवढंच म्हणाली, "आणलाच हाय तर खुराड्यावर टाका. उगं परत कुठं न्हेता." तो पत्रा अजून तिथं आहे. ज्याला शंका असेल त्यानं येऊन बघावं.

छप्पर पुरं झालं. भर दुपारी आम्ही सगळे आत जाऊन वर बघितलं. लोखंडी आभाळ, आणि खिळ्याखिळ्यापाशी लखलखतं भोक.

रामगोंडा हळूच म्हणाला, "नाथाजी, ऊन असताना चांदण्या दिसाय लागल्या की रं."

हरिबा सहज आल्यासारखा आला होता. त्यानं वर बघितलं, मग मिशीकडे बघितलं आणि पुन्हा वर बघितलं. "झ्याक झालंय काम," म्हणाला आणि शीळ घालत गेला. नाथाजीच्या मिशीची दोन्ही टोकं पहिल्यांदाच खाली वळलेली मी पाहिली.

"डांबर लागंल," मी म्हणालो.

"डांबर आणाय गेलो तर सारं गाव ईचारंल, कशाला. मग ऱ्हायलं काय माजं?" नाथाजीनं मिशी दोन्ही हातांनी धरली. "गड्यांनो, ही मिशी माज्या बानं बघितली असती तर रडला असता आनंदानं. ती त्या हरिबाच्या धोपटीत जाणार व्हय?"

तेव्हा गुंडा पुढं झाला. गुंडाची सारी हयात गुळात गेलेली. त्याच्या घरात मोडलेला पाट, फुटलेला माठ, सुटलेला विळ्याचा दांडा, सगळं गुळानंच चिकटवलेलं असायचं. तो म्हणाला, "डांबर कशापायी? माजा पाक हाय की. गेल्या सालचा काळा गूळ पडलाय. असा आटवतो, की पाण्यात टाकलेली गोळी परातीवर मारली तर टण्ण वाजंल."

आणि खरंच वाजली. गुंडानं पाक आटवला, नाथाजीनं पळीनं प्रत्येक खिळ्यावर डाग दिला. पाक थंड होऊन काचेसारखा बसला. नाथाजीनं एका डागावर हातोडा मारून पाहिला, तर दांडा मोडला. आत चांदणी एकही दिसेना. मिशी परत वर गेली. छपराला असा खमंग वास सुटला, की ओढ्यावरनं जाणारी माणसं उगाच थांबून जिभल्या चाटायची.

आता रामगोंडाची आई आक्काताई. वयानं वाकलेली, पण आवाज सरळ. पाणी गाळून पिणार, दिवस मावळायच्या आत जेवणार आणि रोज सकाळी बांधावरच्या मुंग्यांच्या वारुळाशी पीठ आणि गूळ घालणार. त्या मुंग्या पिढ्यान् पिढ्या आक्काताईच्या जिवावर पोसलेल्या. रंग तुकतुकीत, अंग भरलेलं. एकेक मुंगी जोंधळ्याच्या दाण्याएवढी, आणि चाल थोरामोठ्यांच्या लेकीसुनांसारखी सावकाश.

त्या मुंग्यांना छपराचा वास लागला.

सकाळी बघतो तर बांधापासून गुऱ्हाळापर्यंत काळी दोरी ताणलेली. दोरी खांबावरून वर, वळचणीवरून पत्र्यावर. नाथाजी घरी पळत गेला आणि गोठ्यात पिसवांवर मारायची पावडर घेऊन आला. आक्काताई खांबाला पाठ लावून काठी धरून उभी.

"नाथा, पुढं येऊ नकोस."

"आवं आक्का, त्या माजं छप्पर खात्यात!"

"खाऊ दे की. त्यांच्या तोंडात घास कुणी दिला? तूच की रं लेका. गोड वाढायचं आन वर ईख घालायचं, हे कुठलं जेवण? एका मुंगीला जरी इजा झाली, तर ह्या गुऱ्हाळात पाऊल टाकायचं न्हाई. तू बी न्हाई, तुजी मिशी बी न्हाई."

रामगोंडा खाली मान घालून उभा. आईपुढं तो कधी बोलला नाही, आणि मुंगी मारायला त्याचाही हात उठला नसता.

नाथाजीनं मग पलटणीतली अक्कल काढली. आपल्याकडे दुधाच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवतात, तसं त्यानं प्रत्येक खांबाभोवती मातीचं आळं केलं आणि पाणी भरलं. "वेढा!" म्हणाला. "रसद तोडली."

खालच्या मुंग्या खाली राहिल्या. वरच्या वर राहिल्या. आणि रसद तर वरच होती.

आक्काताईनं दुपारी येऊन बघितलं आणि कपाळावर हात मारला. "अय्यो! लेकरांनी घरी जायचं कसं?" तिनं आळ्यावर उसाचं एक कांडकं आडवं टाकून पूल केला. संध्याकाळपर्यंत खांबावरची रांग मोकळी झाली. आम्हाला वाटलं, गेल्या बिचाऱ्या. छपराकडे खालून बघितलं, तर चांदणी एकही नाही. डाग शाबूत असणार, असं म्हणून नाथाजीनं मिशीला तूप लावलं.

पहिल्या आदणाचा दिवस उजाडला. गाव जमलं. काहिलीची पूजा झाली, चुलवाण पेटलं, रस उकळायला लागला. हरिबा नवं धोतर नेसून, काखेत धोपटी आणि हातात तो खास वस्तारा घेऊन पहिल्या रांगेत. दुपारी सांगलीच्या बाजूनं काळं आभाळ उठलं. परतीचा पाऊस. ओतावं तसा कोसळायला लागला. पत्र्यावर असा आवाज, की शेजारच्याशी बोलायला माणसाला त्याच्या कानात शिरावं लागत होतं.

आम्ही सगळे वर बघत उभे. हरिबानं तळहात पसरलेला.

थेंब नाही.

पाऊस वाढला. थेंब नाही. वळचणीवरून पाण्याचा पडदा पडत होता, आणि आत जमीन कोरडी ठक्क.

नाथाजी काहिलीजवळच्या उंचवट्यावर चढला. "बघितलंसा?" तो पावसापेक्षा मोठ्यांदा ओरडला. "लडाखी पत्रा! खिळा खंदकात! हरिबा, त्यो वस्तारा म्हशी भादराय घे आता!"

थेंब का नव्हता, ते गुंडाला आधी कळलं. त्यानं शिडी लावून वर डोकं नेलं आणि तसाच खाली आला. माझ्या कानात म्हणाला, "डाग कुठं हायती? समदं खाऊन टाकलंय. भोकाभोकात एकेक मुंगी बसलीया. आत शिरताना बारीक हुत्या, खाऊन अशा फुगल्या, की ना पुढं ना मागं. बुचासारख्या बसल्यात!"

मी खालून डोळे बारीक करून पाहिलं. खरंच. प्रत्येक भोकात एक गरगरीत मुंगी, आणि तिचे पाय आतल्या बाजूला लोंबत हलत होते. मी नाथाजीला सांगणार होतो. पण तो इतका आनंदात होता, की मला वाटलं, आणखी थोडा वेळ असू दे.

पण खाली काहील उकळत होती. वाफ वर चढत होती. मुंग्यांच्या पोटाभोवती जो काही पाक उरला होता, तो वाफेनं मऊ पडला. आढ्याखालच्या एका भोकातून एक तार निघाली. पिवळी, लांब, संथ. तारेच्या टोकाला टपोरा थेंब, आणि तारेवरून एकामागं एक उतरणाऱ्या, भोकात जागा न मिळालेल्या बारीक मुंग्या. नाथाजी तोंड वर करून हसत होता. थेंब नेमका मिशीच्या मधोमध पडला.

"थेंब!" हरिबा किंचाळला. "थेंब आला! सोड मिशी!"

रामगोंडा साक्षीदार. त्यानं पुढं होऊन मिशीला बोट लावलं आणि चाटलं. पुन्हा एकदा चाटलं. "गोड हाय," म्हणाला. "पैज पावसाच्या थेंबाची हुती. हा पाऊस न्हवं."

"रामगोंडा, तू देवमाणूस हायस!" नाथाजी म्हणाला. पुढचं त्याला बोलता आलं नाही, कारण मुंग्या पोचल्या होत्या. तूप लावलेली मिशी, वर गुळाचा पाक. त्यांना वाटलं असेल, आक्काताईनं सणाचं वाढलंय. त्या उजवीकडे पसरल्या, डावीकडे पसरल्या. मिशी आपोआप वळवळायला लागली. नाथाजीनं चापट मारायला हात उगारला.

"नाथा!" आक्काताईचा आवाज पाऊस चिरून आला. "हात खाली!"

हात जागच्या जागी थांबला. पलटणीत त्याला असा हुकूम कुणी दिला नसेल.

"आवं आक्का, चावत्यात हो! नाकात चालल्यात!"

"हलू नगंस. झाडलंस तर चुलवाणात पडतील." आक्काताई म्हातारी, पण डोकं झटपट चालायचं. "हरिबा, इकडं ये. वस्तारा हाय न्हवं? अल्लाद उतरव. मुंगीला धक्का न लागता."

गाव पुढं सरकलं. हरिबाचं तर आयुष्याचं सोनं झालं. त्यानं नाथाजीला खाली बसवलं आणि असा काही वस्तारा चालवला, की तशी हजामत बोरखडीत आधी झाली नाही, नंतर झाली नाही. मिशी अख्खीच्या अख्खी, एका तुकड्यात, मुंग्यांसकट पळसाच्या पानावर उतरली. एकही मुंगी लंगडी झाली नाही. नाथाजीच्या डोळ्यांत पाणी होतं. हरिबाच्याही होतं, पण ते वेगळं. आक्काताईनं पान उचललं, डोक्यावर पोतं घेतलं आणि त्या पावसात बांधाकडे चालू लागली.

छपरातल्या बाकीच्या मुंग्यांना काय समजलं कोण जाणे. धाकट्या बहिणी माहेरी निघाल्या म्हटल्यावर थोरल्यांना राहवतंय होय? एकेक जोर करून भोकातून सुटली, आणि छपराच्या आतल्या अंगानं सगळ्यांनी खांबाची वाट धरली.

आणि भोकं मोकळी झाली.

मग जे गळायला लागलं! खिळ्याखिळ्यातून धार. काहिलीत पाऊस, माणसांच्या टाळक्यावर पाऊस. गुंडा ओरडतोय, "झाका, झाका!" आणि झाकायला काही नाही. त्या गर्दीत हरिबा मात्र नाचत नाथाजीकडे आला. "हा घे थेंब! हा दुसरा! चाटून बघ रं रामगोंडा, गोड हाय का? ह्यो पाऊस हाय! हरलास नाथाजी! आण मिशी!"

नाथाजी निथळत उभा होता. वरच्या ओठाला पहिल्यांदाच पाऊस लागत होता. त्यानं ओठावरून बोट फिरवलं. इकडून तिकडं. या वेळी अजिबात वेळ लागला नाही. मग त्याचा चेहरा हळूहळू उजळला.

"कसली मिशी?" तो म्हणाला.

"तुजी! पैजेची!"

"मला मिशी दिसती का? रामगोंडा, तुला दिसती का?"

रामगोंडानं डोळ्यांवरचं पाणी पुसून नीट पाहिलं. साक्षीदारानं खोटं बोलायचं नसतं. "न्हाई," म्हणाला. "थेंब आला तवा मिशी नव्हती."

"मग मी हरलो कसा? माजी मिशी पैजेत गेली न्हाई, मुक्या जिवांच्या कामाला गेली. आन उतरवली कुणी? तूच की, फुकटात. पैजेची मिशी हवी असंल, तर बांधावर वारूळ हाय. जा, मुंग्यांकडनं मागून घे."

हरिबा खरंच गेला. पाऊस थांबल्यावर वारुळापाशी उकिडवा बसून त्यानं बराच वेळ आत बघितलं. आता तुम्हाला खोटं वाटेल, पण मिशी दोन्ही टोकांनी धरून मुंग्या ती आत नेत होत्या. तिरकी करून. दारातून सरळ जात नव्हती ना.

नाथाजी संध्याकाळी घरी गेला. शालूबाईनं दार उघडलं, पदर पुढं ओढला आणि म्हणाली, "मालक गुऱ्हाळावर गेल्यात. ओट्यावर बसा, येतील इतक्यात." आणि पाण्याचा तांब्या बाहेर ठेवून दार लावून घेतलं. नाथाजी ओट्यावर बसला. पाव्हण्याचा मान त्या घरात त्याला पहिल्यांदाच मिळत होता, म्हणून त्यानं तांब्या उचलला आणि पाव्हण्यासारखा सावकाश पाणी प्याला.